निर्मनुष्य म्हणजे कोण नसलेला?

विजयदुर्गहून रेडीपर्यंत चार दिवस एकट्याने बाईक चालवायची, महामार्गाला शिवायचं नाही, एवढंच ठरवून निघालो होतो. पहिल्या रात्री देवगडला खोलीवर बसून दिवसभराचं चित्रीकरण पाहिलं. जांभ्याचा लाल सडा, वळण उतरलं की आमराई, मग खाडी. त्यातली चाळीस सेकंदं कापून मी टाकली आणि वर लिहिलं: ‘निर्मनुष्य रस्ता. फक्त मी आणि माझी बाईक.’ बदाम येऊ लागले.

झोपण्याआधी तीच क्लिप पुन्हा पाहिली. एकविसाव्या सेकंदाला रस्त्याच्या कडेला एक बाई दिसते. डोक्यावर मोळी आहे, आणि मला वाट द्यायला ती गवतात उतरून उभी राहिली आहे. मी तिच्या शेजारून गेलो होतो.

त्या रात्रीपासून मी ‘सोलो राइड’ या प्रकाराकडे जरा संशयाने बघायला लागलो. हा आता एक साहित्यप्रकारच आहे. व्हिडिओ असो, इन्स्टावरची मालिका असो की ब्लॉग, त्याचे संकेत ठरलेले आहेत. पहाटे किक, टपरीवरचा चहा, एखादा अडथळा, ‘देवासारखा’ धावून आलेला स्थानिक माणूस, शेवटी सूर्यास्त आणि स्वतःचा शोध. याची मला चेष्टा करायची नाही. खड्डे कुठे आहेत, पेट्रोल कुठे मिळेल, हे मला अशाच व्हिडिओंनी सांगितलं. देवबागची समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी ड्रोनमधून जशी कळते तशी ती शब्दांत सांगणं अवघड आहे.

अडचण कॅमेऱ्याच्या जागेत आहे. हेल्मेटवरचा कॅमेरा फक्त पुढे बघतो, त्यामुळे बाजूला सरकलेलं माणूस दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातं. ड्रोन वर जातो, तेव्हा कौलं दिसतात, दारावरचं कुलूप दिसत नाही. उरलेला कॅमेरा आपल्याच चेहऱ्याकडे वळवलेला असतो. तिन्ही कोनांतून गाव रिकामं दिसतं आणि त्या रिकामपणाला आपण ‘शांतता’ म्हणतो.

ही शांतता आली कुठून? 2001च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011मध्ये ती 8,49,651 झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, आणि इथे एकोणीस हजारांहून जास्त माणसं कमी झाली. 2011मध्येच इथे दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या. पुरुष कुठे गेले हे कोकणात कोणाला विचारावं लागत नाही. माझा आजोबा याच जिल्ह्यातून मुंबईला गेला. ज्या रस्त्याच्या शांततेवर मी बदाम मिळवत होतो, ती माझ्याच घराने थोडीफार तयार केलेली होती.

मराठी प्रवासवर्णनाच्या जुन्या दालनात ही गोष्ट लपवलेली नाही. विष्णुभट गोडसे 1857मध्ये कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघाले, ते स्वतःचा शोध घ्यायला नव्हे. घरावर कर्ज होतं आणि ग्वाल्हेरकडे मोठी दक्षिणा मिळेल अशी बातमी होती. ‘माझा प्रवास’ मध्ये रस्ता माणसांनी गजबजलेला आहे, आणि चालणाऱ्याला परत यायचं घर आहे. कोकणातला माणूस बहुतेकदा पोटासाठी घराबाहेर पडला. मौजेसाठी एकट्याने फिरणं ही त्याच्या नातवंडांना मिळालेली चैन आहे. चैन करावी, पण ती कोणाच्या जिवावर आहे हे ठाऊक असावं.

शेवटच्या दिवशी शिरोड्याला जाताना आरवली लागली. जयवंत दळवींचं हे गाव. ‘सारे प्रवासी घडीचे’ मी मालवणच्या मुक्कामात पुन्हा वाचत होतो. नावात प्रवासी आहेत, पण पुस्तक जवळजवळ जागचं हलत नाही. गावातला एक मुलगा एकेक माणूस आपल्यासमोर उभा करतो. तो माणूस हसवतो, तऱ्हेवाईक वागतो आणि निघून जातो. आमच्या व्हिडिओंत गाव हे ठिकाण असतं आणि आपण प्रवासी. दळवींनी ते उलटं केलं आहे: गाव राहतं, माणसं जातात.

दळवींवरही आक्षेप घेता येतो. हे पुस्तक मुंबईत नोकरी करणाऱ्या लेखकाने लिहिलेलं आहे, आणि अंतरामुळे काही माणसं ‘नमुने’ होतात. ‘कोकणी माणूस म्हणजे लय भारी’ असं कॅमेऱ्यात बघून बोलणाऱ्या आमच्या पिढीने त्याच नमुनेगिरीची सोपी आवृत्ती उचलली आहे. फरक एवढाच, की दळवींना प्रत्येक नमुना कोणाच्या घरातला, हे माहीत होतं.

हा फरक केवढा मोठा आहे ते मला तळाशीलच्या वाटेवर कळलं होतं. तोंडवळीहून पुढे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि रस्ता टोकाला संपतो. पलीकडे सर्जेकोट दिसतो, पण बाईकवाल्याला मागे वळावंच लागतं. परतताना एका घरी पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या दिला आणि विचारलं, “कोणाचो रे तू?”

“मुंबईहून आलोय, आजी.”

“ता दिसताच. पण कोणाचो?”

मी आजोबांचं नाव आणि गाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हते, तरी तिचं समाधान झालं. मग तिने शेजारचं बंद घर दाखवलं. माणसं गणपतीला येतात. तोवर तिथल्या तुळशीपुढे रोज तिन्हीसांजेला दिवा हीच लावते. मी कॅमेरा काढला नाही. सभ्यतेमुळे नव्हे. त्या दिव्याचा व्हिडिओ कसा करायचा, हेच मला सुचलं नाही.

त्याच भागातल्या आचऱ्यात गावपळण होते. दर काही वर्षांनी अख्खं गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन राहतं, आणि तीन दिवसांनी रामेश्वराचा कौल घेऊन परततं. ड्रोनने त्या दिवसांतलं आचरं टिपलं तर ते आजूबाजूच्या कुठल्याही ओस वाडीसारखंच दिसेल. एका रिकामपणाला परत यायची तारीख आहे, दुसऱ्याला नाही. हा फरक प्रतिमेत येत नाही, तो सांगावा लागतो. सांगणं हेच तर प्रवासवर्णनाचं काम.

चे गव्हेराची 1952ची दक्षिण अमेरिकेतली भटकंती मोटरसायकलच्या नावाने ओळखली जाते. पण त्याची आणि अल्बेर्तो ग्रानादोची ती नॉर्टन चिलीतच निकामी झाली. पायी आणि मिळेल त्या ट्रकमधून जाताना त्यांना खाणकामगार भेटले. बाईक मोडायलाच हवी असं नाही. दर गावात एकदा इंजिन बंद करून दहा मिनिटं बसलं, तरी एकविसाव्या सेकंदाची बाई चौकटीत राहील.

रेडीहून परतल्यावर मी त्या क्लिपचा मथळा बदलायला बसलो. ‘निर्मनुष्य’ खोडलं. तिथे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, कारण त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं.