‘वाटी बदलली’ म्हणजे नेमके काय बदलले?

‘गुडघ्याची वाटी बदलली’ हे वाक्य हल्ली नाशिकच्या कोणत्याही लग्नघरात ऐकू येते. आमचा आक्षेप या वाक्याला आहे. या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात. मध्ये पॉलिएथिलीनची चकती असते. वाटी जागेवरच राहते. फार तर तिची आतली बाजू तासून तेथे प्लॅस्टिकचे बटण चिकटवतात. ‘सांध्याला अस्तर घातले’ हे अधिक खरे झाले असते.

शाळेत आपण गुडघा ‘बिजागरीचा सांधा’ म्हणून शिकवतो. त्या चित्रात वाटीला काही कामच उरत नाही. वस्तुतः मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा वाटीवरून जाते. वाटी तिला पुढे उचलून धरते, त्यामुळे तरफेची बलभुजा वाढते आणि पाय सरळ करायला कमी जोर पुरतो. पण वाटीमागे भारही येतो. सपाट रस्त्यावर तो शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, जिन्यावर सुमारे तिप्पट, तर उकिडवे बसताना सात-आठ पटींच्या घरात जातो. पांडवलेणी उतरताना अनेकांचा गुडघा पुढून का दुखतो, हे यावरून कळेल.

आरंभीचे अनेक कृत्रिम सांधेही निव्वळ बिजागऱ्या होते. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत यांच्या सांध्यात वाटीसाठी बटण आले. (पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली ती याच राणावतांनी.) पण बटणाबरोबर नव्या अडचणीही आल्या. तासून पातळ झालेली वाटी कधी तडकते, कधी बटण सैल होते. बटण असो वा नसो, धातूचा भाग किंचित आत वळून बसला तर वाटी खोबणीतून बाहेरच्या बाजूस सरकते. काहींना वाटीच्या वर तंतुमय गाठ धरते; वाकवलेला पाय सरळ करताना ती अडकते आणि ‘टक्’ करून सुटते. बटण बसवावे की नाही यावर शल्यविशारदांचे आजही एकमत नाही. अमेरिकेत बहुधा बसवतात, स्वीडनमध्ये बहुधा नाही.

तेव्हा हा वाद नुसत्या शब्दाचा नाही. शस्त्रक्रियेनंतर आजींना पायऱ्या उतरताना पुढून दुखले, की घरचे म्हणतात, ‘नवी वाटी दुखेलच कशी? व्यायामाचा कंटाळा, दुसरे काय!’ दुखणारी वाटी त्यांची स्वतःचीच, जुनी असते. ती खोबणीत नीट बसते का, हे समोरून काढलेल्या क्ष-किरण फोटोत नीट कळत नाही. त्यासाठी गुडघा वाकवून वेगळा फोटो काढावा लागतो.