शिकाऊ ड्रायव्हर पुस्तकात कुठे असतो?

मागच्या वर्षी एका रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येऊन पडली. बावीस पानांची. खाली धाकट्या मावसभावाचा मेसेज : 'ताई, तू एवढं वाचत असतेस. हे वाचून सांग ना, सही करू का?'

हा लग्नानंतर ग्रीन कार्डावर अमेरिकेत गेलेला. इथल्या डी. फार्म.ला तिथं कुणी विचारत नाही, म्हणून वर्षभर एका गोदामात खोकी उचलत होता. मग त्याला एका ट्रकिंग कंपनीची जाहिरात दिसली. अनुभव नको, ट्रकचं लायसन्स नको, आम्ही शिकवू, फी नाही. ती बावीस पानं म्हणजे या 'फी नाही'चा खुलासा होता. शिकवणं, हॉटेल, परीक्षा सगळं कंपनीच्या खर्चानं; बदल्यात वर्षभर तिथंच गाडी चालवायची. आधी सोडलं तर साडेपाच हजार डॉलर भरायचे.

मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एक खोड आहे. कुठलाही प्रश्न आला की मी त्यावरचं पुस्तक शोधते. 'दोन दिवस दे' म्हणाले त्याला. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. तोवर त्यानं सही करूनही टाकली होती, पण मी वाचत राहिले.

आधी आठवले ते सिनेमे. स्पीलबर्गच्या 'ड्युएल'मध्ये (१९७१) ट्रक हाच राक्षस. ड्रायव्हरचा हात दिसतो, बूट दिसतात, चेहरा कधीच नाही. पेकिनपाच्या 'कॉन्व्हॉय'मध्ये (१९७८) ट्रकवाला म्हणजे पोलिसांना न जुमानणारा काउबॉय. क्लूझोच्या 'द वेजेस ऑफ फिअर'मध्ये (१९५३) नायट्रोग्लिसरीनचे ट्रक कुणाच्या हाती द्यायचे हे ठरवायला तेलकंपनी निदान चाचणी तरी घेते. बाकी ठिकाणी ड्रायव्हर जणू आईच्या पोटातून स्टिअरिंग धरूनच आलेला. त्याला कधीतरी काहीच येत नव्हतं, त्यानं कुणाच्या तरी शिव्या खाल्ल्या, कुंपण पाडलं, हे पडद्यावर सापडणं अवघड. शिकाऊ माणूस रस्त्याच्या रोमान्सला सोयीचा नसतो.

मग फिन मर्फीचं 'द लाँग हॉल' (२०१७) घेतलं. मर्फी कॉलेज सोडून १९८०च्या सुमारास ट्रकवर गेला तो घरसामान हलवणाऱ्यांच्या धंद्यात. कोलोरॅडोतला लव्हलँड पास, ११,९९१ फुटांवरचा घाट, तिथून सामानानं भरलेली गाडी उतरवायची, ब्रेक तापणार की टिकणार, अशा ठिकाणी पुस्तक उघडतं. पहिल्या पाच पानांत माणूस आपल्याला खिशात घालतो. ट्रकवाला म्हणजे काउबॉय ही कल्पना थोतांड आहे, असं तो स्वतःच सांगतो. इतर ट्रकवाले सामानवाल्यांना 'बेडबगर' म्हणून कसे हिणवतात ते सांगतो. लोकांच्या घरातली कपाटं उचलताना त्यांची लग्नं, त्यांचे मृत्यू, त्यांचा हावरेपणा कसा दिसतो, यावरची त्याची पानं फार छान आहेत.

पण मी भावाच्या बाजूनं वाचत होते. मर्फी गोष्ट सांगतो ती जिंकलेल्या माणसाची आहे. हात बसलेला, गिऱ्हाईक ठरलेलं, नाही म्हणायची ऐपत असलेला. त्याच्या चुकांना विनोदी किश्श्यांचा तजेला आहे, कारण त्या फिटून गेल्यात. साडेपाच हजार डॉलरच्या कागदाखाली सही करणाऱ्याला या पुस्तकातून धीर मिळेल, माहिती मिळणार नाही. मी त्याला ते पाठवलं नाही. (नंतर त्यानं स्वतःच ऑडिओबुक मिळवलं आणि नेब्रास्काभर हसत ऐकलं. म्हणजे माझा अंदाज चुकलाच.)

मर्फी रस्त्यावर आला त्याच सुमाराला, १ जुलै १९८० रोजी, अध्यक्ष कार्टर यांनी मोटर कॅरियर ॲक्टवर सही केली आणि ट्रकवाहतुकीचा धंदा मोकळा झाला. मर्फीच्या गोष्टीत ही तारीख पार्श्वभूमीलाच राहते. स्टीव्ह व्हिसेली यांच्या 'द बिग रिग'चा (२०१६) सगळा डोलारा मात्र तिच्यावर उभा आहे. व्हिसेली समाजशास्त्रज्ञ. त्यांनी कंपनीच्या ट्रेनिंगमधून लायसन्स काढलं, काही महिने लांब पल्ल्याचा ट्रक चालवला आणि शंभराहून अधिक ड्रायव्हरांशी बोलले. एकेकाळी हे काम अमेरिकेतल्या कामगारांच्या चांगल्या कामांपैकी एक होतं. १९६४ साली जिमी हॉफा यांच्या टीमस्टर्स युनियननं देशभरासाठी एकच करार करून घेतला होता. १९८०नंतर ते सगळं उसवलं. ड्रायव्हर कमी पडतात अशी ओरड कंपन्या कायम करतात, पण माणसं मिळत नाहीत असं नसून टिकत नाहीत, हे व्हिसेलींचं म्हणणं. मोठ्या ट्रकलोड कंपन्यांत कित्येक वर्षं शंभर जागांमागं वर्षाला नव्वदच्या आसपास माणसं बदलत आली आहेत. म्हणून नव्या माणसांची धार सतत लागते, म्हणून जाहिरात, म्हणून 'फी नाही'.

हे वाचताना मला त्या बावीस पानांचा अर्थ लागत गेला. पुस्तक म्हणून मात्र ते दमवतं. एखादा माणूस बोलायला लागला, आता याचा स्वभाव कळणार असं वाटलं, की त्याचं उदाहरण होऊन जातं आणि पुढचा मुद्दा येतो. विद्यापीठीय पुस्तकाचा हा धर्मच आहे म्हणा. माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्या केबिनमध्ये हा सगळा अन्याय रोज घडतो, तिथं ते पुरेसे थांबत नाहीत. कंत्राटी ड्रायव्हर, 'स्वतःचा ट्रक घे' म्हणून त्याला दाखवलेलं गाजर, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. शिकण्याचे आठवडे म्हणजे त्यांच्यासाठी आत शिरायचं दार. मला वाटतं, सगळं घर त्या दारातच दिसतं.

भाऊ त्या दिवसांत मला व्हॉइस नोट पाठवायचा. पहिले काही आठवडे शाळा. इंजिनापासून मागच्या दिव्यापर्यंत शंभरेक भागांना एकेक करून हात लावायचा, नाव घ्यायचं, काय तपासतोय ते मोठ्यानं म्हणायचं. रात्री हॉटेलात तो हे आरशासमोर पाठ करायचा, आरतीसारखं. मग परीक्षा, मग लायसन्स, आणि मग ट्रेनरबरोबर रस्त्यावर. ट्रेनर म्हणजे ज्यानं स्वतः ट्रक चालवायला लागून नऊ महिने झाले होते असा माणूस. स्वभावानं चांगला. फक्त झोपलेला.

कारण गणित असं आहे. नियमानं ड्यूटी सुरू झाली की १४ तासांचं घड्याळ चालू होतं. त्यात फार तर ११ तास गाडी हाकायची, मग सलग १० तास विश्रांती. पण केबिनमध्ये दोघं असले, तर एक मागच्या बर्थवर झोपतो आणि दुसरा चालवतो. गाडी थांबतच नाही. पैसे मिळतात मैलावर, आणि शिकाऊ माणसानं काटलेल्या मैलांचे पैसेही त्या कंपनीत ट्रेनरच्या हिशोबात धरले जायचे. मग ट्रेनर कशाला शिकवेल? रात्रीचा सरळ महामार्ग शिकाऊच्या हाती. ५३ फुटी ट्रेलर गोदामाच्या धक्क्याला मागं लावायची वेळ आली, की 'तू बाजूला हो, वेळ जाईल'. रिव्हर्सला मैल नसतात. नवी माणसं ठोकतात ती रिव्हर्समध्येच.

म्हणजे अभ्यासक्रम कुणी बसून ठरवलेला नव्हता, तो पगाराच्या पद्धतीनं ठरवला होता. टेक्सासातल्या एका गोदामाबाहेर भाऊ साडेसहा तास खोळंबला. १४ तासांचं घड्याळ चालू, मैल शून्य, पैसे शून्य. ट्रेनर म्हणाला, सवय कर. तीन आठवड्यांत त्यानं दिलेला हा सगळ्यात मन लावून दिलेला धडा. हे समजायला लागणारी सगळी हत्यारं व्हिसेली आपल्या हातात देतात. आंतरराज्य ट्रक ड्रायव्हरांना १९३८च्या कायद्यापासून ओव्हरटाइममधून वगळलंय, हेही अशा वाचनामुळेच नीट कळलं. पण झोपलेला ट्रेनर आणि जागा शिकाऊ यांचं ते चित्र कुणा कादंबरीकाराच्या हाती पडायला हवं होतं.

गंमत म्हणजे शिकाऊ ड्रायव्हर ठळक नायक म्हणून मला सापडला तो एका खटल्यात. डॉमिनिक ऑलिव्हेरा यांचं म्हणणं होतं की शिकाऊ म्हणून त्यांना दहा हजार मैल बिनपगारी चालवायला लावलं, आणि पुढं कंत्राटी ड्रायव्हर झाल्यावर ट्रकचे हप्ते वगैरे कापून कधीकधी हातात उलट देणंच यायचं. कंपनी म्हणत होती, हे कोर्टात नाही, लवादापुढं मांडा. १५ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑलिव्हेरा यांच्या बाजूनं ८ विरुद्ध ० असा निकाल दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिलेलं हे निकालपत्र साहित्याच्या माणसानं मुद्दाम वाचावं. सगळा वाद एका शब्दसमूहावर आहे. १९२५ साली, लवादाचा कायदा झाला तेव्हा, 'नोकरीचे करार' म्हटलं की लोकांना काय समजायचं? कंत्राटी माणूस त्यात धरला जायचा का? न्यायमूर्ती जुने शब्दकोश उघडून बसतात आणि सांगतात, धरला जायचा. आमच्या एम.ए.च्या वर्गात शब्दाच्या अर्थावर एवढी नेटकी चर्चा मी ऐकली नव्हती.

आणि तरी त्या उत्तम निबंधातून ते दहा हजार मैल जवळजवळ गायब आहेत. ते खटल्याच्या बाकीच्या कागदांत पडून आहेत. रात्र, झोप, भीती, शेजारचा परका माणूस यांतलं काही कायद्याच्या प्रश्नाला लागत नाही. व्हिसेलींच्या पुस्तकात जे उदाहरण होतं ते इथं व्याख्या होतं.

हे सगळं मी आमच्या काकांना, म्हणजे भावाच्या वडिलांना, सांगत होते. काकांनी धुळ्याहून आग्रा रोडवर पंचवीस वर्षं ट्रक चालवला. त्याआधी पाच वर्षं किन्नर. टायर ठोकून बघायचे, चाकामागं दगड लावायचा, रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बडबडायचं. पगार कसला, जेवण आणि कानाखाली. त्यांनी मुलाला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही तो याच आठवणींमुळं, त्यामुळं जुनं ते सोनं असलं काही मी म्हणणार नाही. मुंबईच्या रजत उभयकर यांनी ट्रकवाल्यांबरोबर देशभर फिरून 'ट्रक दे इंडिया' (२०१९) लिहिलं. त्यात ड्रायव्हरांची बोलणी मस्त पकडली आहेत, पण ते बसलेत शेजारच्या सीटवर, पाहुणे म्हणून. मागं उभं राहून ओरडणाऱ्या किन्नराच्या जागेवरून लिहिलेलं पुस्तक मला मराठीतही सापडलं नाही.

काकांनी मात्र सगळं ऐकून एकच विचारलं : 'त्याला रिव्हर्स शिकवलं का?' मी नाही म्हणाले. ते म्हणाले, 'आम्हाला आधी तेच यायचं. मागं उभं राहून आन दो, आन दो करत वर्षं गेली ना. ट्रक कुठं वळतो ते बाहेरून दिसायचं. हायवे तर शेवटी मिळाला.' तिकडं मागं उभं राहायला कुणी नाही. भावाला शाळेत शिकवलेला नियम आहे : उतर आणि बघ. तो आता एकटाच असतो. एकेका धक्क्याला चारचार वेळा उतरतो, मागं जाऊन बघतो, परत चढतो.

करारातले आठ महिने झालेत, चार उरलेत. परवा परत मेसेज आला. कंपनीनं विचारलंय, ट्रेनर होतोस का? शिकाऊच्या मैलांचे पैसे मिळतील, हप्ते लवकर फिटतील. खाली लिहिलं होतं : 'ताई, मी त्याला रिव्हर्स शिकवायला थांबलो तर माझे मैल जातील. थांबलो नाही तर तुला माहितीच आहे. काय करू?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. काकांचा नंबर त्याच्याकडं आहेच. त्यांना फोन कर, एवढंच लिहून ठेवलंय, पाठवायचं बाकी आहे.