इंडिया ऑफिस : वास्तुसौंदर्य आणि जमाखर्च

लंडनच्या व्हाइटहॉल परिसरातील इंडिया ऑफिसच्या वास्तूची चर्चा बहुधा शैलीच्या वादापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांना परराष्ट्र खात्याची इमारत गॉथिक शैलीत उभारावयाची होती. पामर्स्टन यांनी अभिजात शैलीचा आग्रह धरला आणि स्कॉट यांना इटालियन वळणाचा आराखडा करावा लागला. त्याच वास्तुसमूहात भारतमंत्र्यांचे कार्यालय आले. त्याचा अंतर्भाग मॅथ्यू डिग्बी वायट यांनी रचला. हा इतिहास खरा असला, तरी अपुरा आहे.

वायट यांच्या चौकाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. खालच्या दोन मजल्यांवर पीटरहेडच्या तांबूस ग्रॅनाइटचे, तर वरच्या मजल्यावर ॲबर्डीनच्या करड्या ग्रॅनाइटचे स्तंभ आहेत. फरशी ग्रीस, सिसिली व बेल्जियम येथील संगमरवराची आहे. डोरिक, आयोनिक व कोरिंथियन असा स्तंभांचा चढता क्रम डोळ्यांना वर नेतो आणि भव्यतेला शिस्त लावतो. प्रश्न निर्माण होतो तो या भव्यतेच्या मूल्याविषयी. साहित्य युरोपचे होते. पैसा मात्र भारतीय महसुलाचा होता. जुलै 1867 मध्ये तुर्की सुलतान अब्दुल अझीझ यांचा स्वागतसमारंभ येथे झाला. त्याचा खर्चही भारताच्या खात्यावर पडला. भारतमंत्र्यांचे वेतनदेखील 1919 च्या कायद्यापर्यंत भारतच देत होता.

त्याच वर्षी, त्याच शहरात, 2 मे रोजी दादाभाई नौरोजी यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे इंग्लंडवरील भारताच्या ऋणाविषयीचा निबंध वाचला होता. तो निबंध आणि हा चौक परस्परांशेजारी ठेवून वाचले, तर एकाच व्यवहाराच्या दोन बाजू दिसतात : एकीकडे निःसारणाचा हिशेब, दुसरीकडे त्याचे संगमरवरी रूप. लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या जुन्या वास्तूतून आणलेले रिसब्रॅक यांचे शिल्पांकित अग्निस्थान भारतमंत्र्यांच्या परिषदेच्या सभागृहात बसविण्यात आले. ब्रिटानियाला पूर्वेची संपत्ती अर्पण होत आहे, असे त्यावरील दृश्य आहे. कंपनी गेली, दृश्य राहिले.

‘दरबार’ हे नावदेखील मूळचे नव्हे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने 1902 मध्ये येथे समारंभ झाले, तेव्हापासून हा चौक ‘दरबार कोर्ट’ ठरला. ज्यांच्या भाषेतून शब्द घेतला, त्यांना त्या दरबारात दाद मागण्याचा अधिकार नव्हता.

1947 मध्ये इंडिया ऑफिस संपुष्टात आले. 1960 च्या दशकात ही वास्तू पाडण्याची योजना होती. लोकांच्या विरोधामुळे ती टळली आणि पुढे 1984 ते 1997 या काळात तिचे जीर्णोद्धारकार्य पार पडले. वास्तू वाचली, हे योग्यच झाले. मात्र ‘सार्वजनिक’ म्हणविणाऱ्या वास्तूचे मूल्यमापन करताना, तिचे द्रव्य ज्या जनांनी पुरविले त्यांचा उल्लेख वगळणे ही समीक्षेतील उणीव ठरते. स्तंभांच्या क्रमाइतकाच जमाखर्चाचा क्रमही वास्तूच्या अर्थाचा भाग असतो.