दोणपाक सुत्त आणि देहाचे माप

संयुत्तनिकायाच्या सगाथवग्गातील कोसलसंयुत्तात दोणपाक सुत्त येते. कोसलनरेश पसेनदि द्रोणभर तांदळाचा भात जेवीत असे. एकदा असा जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. त्याची ती अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा म्हटली. सुदस्सन नावाच्या माणवकाने ती पाठ करून आपल्या भोजनसमयी म्हणावी आणि त्याबद्दल त्याला रोज १०० कहापण मिळावेत, अशी व्यवस्था राजाने केली. राजाचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला व त्याचे शरीर सडपातळ झाले.

‘लठ्ठ राजा बारीक झाला’ एवढेच या सुत्ताचे तात्पर्य मानले, तर स्थूल देहाच्या उपासक-उपासिकांना त्यात केवळ टोमणा ऐकू येईल. मूळ गाथेत मात्र राजाच्या आकाराचा उल्लेखही नाही. स्मृतिमान राहून भोजनाची मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना क्षीण होतात आणि त्याचे वार्धक्य सावकाश येते, एवढाच तिचा आशय आहे. येथे माप आहे ते वेदनेचे.

धम्मपदाची ३२५ वी गाथा अट्ठकथेने याच राजाशी जोडली आहे. तीत दाण्यावर पोसलेल्या वराहाची उपमा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे दोष दाखविला आहे तो आळस, अतिभोजन आणि लोळत पडणे यांचा. हे सारे आचरणाचे दोष होत. अट्ठकथेतील उपायही सौम्य आहे. शेवटच्या घासाच्या वेळी गाथा म्हणावी, राजाने तो घास सोडावा आणि त्यातील शितांइतके तांदूळ पुढील वेळी कमी शिजवावेत. यात उपासमार नाही, उपहासही नाही.

याउलट, बौद्ध धम्माला देहाच्या वजनाशी काहीच कर्तव्य नाही, असे म्हणणेही सुत्ताला धरून होणार नाही. अखेरीस राजा आपल्या गात्रांवरून हात फिरवतो आणि भगवंतांनी इहलोक व परलोक अशा दोन्ही हितांसाठी आपल्यावर अनुकंपा केली, असे कृतज्ञतेने म्हणतो. त्या आनंदाची सुत्तकार निंदा करीत नाही. तथापि, राजाचे स्थौल्य अतिभोजनाचे होते. आनुवंशिकता, व्याधी व औषधे यांमुळेही वजन वाढते, हे आज वैद्यकाने दाखविले आहे. म्हणून पसेनदीचे निदान प्रत्येक स्थूल व्यक्तीवर लादणे अन्यायाचे ठरेल.

स्वतःच्या देहाचा स्वीकार कसा करावा, या प्रश्नाकडे आमच्या मते मानाच्या विचारातून पाहावे. ‘मी श्रेष्ठ’ आणि ‘मी समान’ यांप्रमाणेच ‘मी हीन’ हाही मानच होय, असे निकायांत सांगितले आहे. आरशासमोर स्वतःला तुच्छ लेखणारा आणि आपल्या सडपातळपणाचा ताठा बाळगणारा, दोघेही देहाने स्वतःस मोजतात. हे मोजणे सोडून देहाची मैत्रीपूर्वक काळजी घेणे, हाच आम्हांस या सुत्ताचा खरा उपदेश वाटतो.