लोप, आगम आणि घनपाठ

घनपाठ हा प्राचीन दोषनिवारक संकेत होय, असे विधान अलीकडे वारंवार ऐकू येते. पनवेलच्या आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या निबंधात ते निःशंकपणे मांडले आहे. विधान आकर्षक आहे. म्हणूनच त्याची परीक्षा व्हावयास हवी.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर पाठात दोष तीन वाटांनी शिरतो : आदेश, लोप आणि आगम. आदेशाने एका वर्णाच्या जागी दुसरा येतो, पण इतरांची स्थाने ढळत नाहीत. हॅमिंग यांचा 1950 चा संकेत या दोषापुरता आहे. लोपाने मात्र पुढील प्रत्येक वर्ण एक घर मागे सरकतो. अनुष्टुभाच्या चरणात आठांऐवजी सात अक्षरे भरली, तर लोप कळतो, स्थान कळत नाही. ज्ञानेश्वरीच्या ओवीत अक्षरसंख्या नियत नसल्याने तेवढाही आधार नाही; पहिल्या तीन चरणांचे यमक राखते ते केवळ चरणान्त.

वार्शामोव व टेनेनगोल्ट्स यांच्या संकेताने एक लोप किंवा एक आगम दुरुस्त होतो, हे लेव्हेन्श्टाइन यांनी 1965 मध्ये दाखविले. शून्य व एक या चिन्हांचा चार घरांचा शब्द घ्यावा. ज्या घरांत एक आहे त्यांच्या क्रमांकांची बेरीज पाचाने निःशेष भागली जावी, एवढाच नियम. तो पाळणारे शब्द चारच : 0000, 1001, 0110, 1111. यांतील कोणत्याही शब्दातून एक चिन्ह गाळले, तरी उरलेली तीन चिन्हे दुसऱ्या शब्दातून निघू शकत नाहीत. 1001 मधील कोणते शून्य गेले हे सांगता येणार नाही. पण मूळ शब्द मिळतो.

घनाची रीत निराळी आहे. पदांचा क्रम 12, 21, 123, 321, 123 असा चालतो. म्हणजे एकेका पायरीस तेरा पदे. खर्च मोठा खरा, परंतु उलट क्रमात नवा संधी होऊन पदाचे आद्यन्त वर्ण कसोटीस लागतात, ही गोष्ट भाषाभ्यासकास मोलाची वाटावी. अडचण दुसरीकडे आहे. संकेताची रचना दोष शिरण्यापूर्वी झालेली असावी लागते. शिष्याने एक पद गाळूनच पदपाठ मुखोद्गत केला आणि त्यावरून घन स्वतः रचला, तर लोप सर्वत्र सारखाच उतरेल. विसंगती दिसणारच नाही. घन गुरुमुखातून स्वतंत्रपणे ऐकलेला असेल, तरच त्याची साक्ष ग्राह्य.

निबंधात हा भेद कोठेही आलेला नाही. तो परत करताना समासात मी एकच प्रश्न लिहिला : घन रचला कोणी, गुरूने की शिष्याने?