उसन्या फेल्टचे कारागीर

नवी कोरी हॅट घ्यायची, तिच्या किनारीवर बर्नरची ज्योत फिरवायची, पॉलिशपेपर घासून माथा दोन ठिकाणी विरवायचा, रिबिनीत एखादे पीस खोचायचे आणि ‘जुन्या परंपरेतली’ म्हणून हजार डॉलरला विकायची. अमेरिकेत अलीकडे हॅट बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळांचे जे पेव फुटले आहे, त्यातल्या अनेकांचे कसब इथे येऊन संपते. निक फुकेने लॉस एंजेलिसमध्ये रिबिनीत काडेपेटीची काडी खोचली तेव्हा ती निदान त्याची स्वतःची खूण होती. आता जो तो जाळपोळ करत सुटला आहे. या प्रकाराला हॅटकलेचे पुनरुज्जीवन म्हणतात. मला त्यात रंगभूषेपलीकडे काही दिसत नाही, आणि ती रंगभूषासुद्धा म्हाताऱ्याला तरुण करण्याची नव्हे, तरण्याताठ्याला म्हातारे करण्याची.

हॅट म्हणजे तिचे फेल्ट. आकार, रिबीन, अस्तर, आतली चामडी पट्टी हे सगळे नंतरचे. सशाची किंवा बीव्हरची कातडीलगतची मऊ लव घेतात, वरचे राठ केस काढून टाकतात. ती लव पिंजून छिद्रे असलेल्या फिरत्या तांब्याच्या शंकूवर हवेने ओढून घेतात आणि वरून गरम पाणी मारतात. शंकूवरून जे ओले, नाजूक टोपडे उतरते ते डोक्यापेक्षा कितीतरी मोठे असते. मग ते गरम पाण्यात, रुळांखाली, पुन्हा पुन्हा दाबून आटवायचे. लवेच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकत जातात आणि गाठ घट्ट होत जाते. धागा नाही, वीण नाही. कडकपणासाठी लाख पाजतात (ती मात्र बरीचशी आपल्याच देशातून जात आली आहे), पण लाख हा आधार झाला, अंग नव्हे. अंग तयार होते ते आटवण्यात. कुणी किती वेळ आणि किती नेटाने आटवले, यावर पुढची पन्नास वर्षे ठरतात.

माझ्याजवळ फिलाडेल्फियाच्या कारखान्यातली एक स्टेटसन व्हिपेट आहे. पट्टीमागच्या कागदी चिठ्ठीवरून ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतली असावी. चामड्याला चिरा गेल्या आहेत, रिबिनीचा रंग एका बाजूने उडाला आहे. पण किनार चिमटीत धरली तर दोन बोटांच्या मध्ये काही आहे की नाही असे वाटावे इतकी ती पातळ आहे, आणि सोडली की जागच्या जागी परत जाते. माथ्यावर नवी घडी घालायला वाफ लागत नाही, हातानेच पडते आणि पडली की राहते. पृष्ठभागावर हात फिरवला तर लव एका दिशेने झोपते, खरखर कुठेही लागत नाही. चामडी पट्टी फेल्टला थेट टाचलेली नाही. मधे एक बारीक नळी शिवून घेतली आहे, त्यामुळे पट्टी डोक्याच्या घेराप्रमाणे थोडी सरकते आणि फेल्टवर ताण येत नाही. आणि हे काही राजेरजवाड्यांसाठी केलेले काम नाही. व्हिपेट ही दुकानात मिळणारी, कारकून-विक्रेत्यांनी विकत घेतलेली हॅट होती.

या फेल्टची परीक्षा मुंबईच्या पावसाळ्यात होते. पुरेसे न आटवलेले फेल्ट दमट हवेत आणि घामाने उरलेले आटणे पुरे करू लागते. पट्टीपाशी घेर आवळतो, सरळ उभा माथा वर निमुळता होत जातो आणि सप्टेंबरात तुमच्या डोक्यावर शंकू असतो. गेल्या काही वर्षांत मी विकत घेतलेल्या नव्या, महागड्या हॅटांपैकी बहुतेकींचे हेच झाले. व्हिपेट जशीच्या तशी आहे. तिला धोका आहे तो कसरीचा. तिथे डांबरगोळ्या पुरतात.

कॅव्हनॉच्या किनारीबद्दल तर वेगळा लेख लिहावा लागेल. हॅट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेच्या छत्राखाली कॅव्हनॉ, डॉब्ज, नॉक्स ही नावे एकत्र नांदत होती तेव्हाचे हे काम. किनार उलटी दुमडायची आणि दुमडलेला भाग शिवायचा किंवा चिकटवायचा नाही, तर फेल्टमध्येच फेल्ट मुरवून एकजीव करायचा. बाहेरून पाहिले तर एक गोल, भरीव कड. टाका कुठे आहे म्हणून भिंग घेऊन शोधा, सापडत नाही. हे सजावटीचे काम नव्हे. फेल्ट अजून ‘जिवंत’ असताना, म्हणजे पुरते आटायच्या आत, ते करावे लागते. म्हणूनच तयार फेल्ट विकत आणणाऱ्याला ते जन्मात जमणार नाही. आज जी दुमडलेली कड ‘कॅव्हनॉ पद्धतीची’ म्हणून विकली जाते तिच्या आत टाका असतो. नख घातले की कळतो.

आता पारा. जुन्या हॅटांच्या भक्तांना एक सोपे उत्तर सापडले आहे: लवेवर पारा लावायचे बंद झाले आणि दर्जा गेला. पाऱ्याच्या नायट्रेटने लवेची टोके नारिंगी पडत आणि ती लव लवकर आटे, हे खरे. त्याच पाऱ्याने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या कामगारांचे हात थरथरू लागत, दात पडत, डोके फिरे, हेही तितकेच खरे. पण तारखा पाहा. अमेरिकेत हॅटच्या लवेसाठी पाऱ्याचा वापर 1941 च्या डिसेंबरात थांबला. माझी व्हिपेट, लिंडन जॉन्सन घालत तसल्या त्या काळातल्या स्टेटसनच्याच ओपन रोड, 1950 च्या आसपासच्या सुरेख कॅव्हनॉ, ज्यांच्यासाठी संग्राहक लिलावात एकमेकांच्या जिवावर उठतात, त्या सगळ्या पाऱ्यानंतरच्या! पारा गेल्यावर दहा-पंधरा वर्षे अप्रतिम काम होत राहिले. तेव्हा हे रडगाणे आता बंद करावे.

याच भक्तांना दुसरेही एक सांगायला हवे. जुने ते सगळे सोने नव्हते. 1940 च्या दशकातल्या स्वस्त, लोकरीच्या फेल्टच्या हॅटा पहिल्या पावसात लोळागोळा झाल्या आणि कचऱ्यात गेल्या, म्हणून त्या आज दिसत नाहीत. उरल्या त्या चांगल्या. पण चांगल्यांची तुलना चांगल्यांशी केली तरी नव्या हॅटा हरतात, आणि का हरतात हा खरा प्रश्न आहे.

लोकरीच्या आजच्या हॅटांवर शाई खर्च करत नाही. फॅशनघरांच्या हॅटा नावापुरत्या. बोर्सालिनोने 2017 सालचे दिवाळे पचवून नव्या मालकाच्या हाताखाली स्वतःचे फेल्ट करणे सोडले नाही, याबद्दल तिला मानाचा मुजरा. तिचे फेल्ट आज जुन्याच्या सर्वांत जवळ जाते, पण 1950 चे आणि आजचे शेजारी ठेवले की नव्याची लव लवकर विरते. अकुब्राही ऑस्ट्रेलियात केम्प्सीला स्वतःच सशाच्या लवेचे फेल्ट करते. जाड, मजबूत, प्रामाणिक काम. रानात घालायला उत्तम, डौलाशी संबंध नाही. शिकागोच्या ऑप्टिमोत जुनी यंत्रे आहेत, ठोकळ्यावर चढवण्याचे आणि हाताने शिवण्याचे कसब थक्क करणारे आहे. मी या हातांना कमी लेखत नाही. पण इथेच गोम आहे. या नव्या कारागिरांपैकी बहुतेकांचे फेल्ट बाहेरून येते: पोर्तुगालमधल्या साओ जोआओ दा मादेइराच्या फेप्साकडून, चेक प्रजासत्ताकातल्या नोवी यिचिनच्या तोनाककडून, फार तर टेनेसीतल्या विंचेस्टरकडून. जग गाजवणारी हाताची कारागिरी मोजक्या गिरण्यांच्या टोपड्यांवर उभी आहे. सूर लागलेला नाही आणि तानांवर टाळ्या पडताहेत.

गिरण्यांकडेच बोट दाखवून सुटका नाही. 1960 च्या दशकात हॅट डोक्यावरून उतरली, 1971 मध्ये स्टेटसनचा फिलाडेल्फियातला कारखाना बंद झाला, आणि एकेकाळी तिथे राबणारे हजारो हात पांगले. अमेरिकेत जो धंदा तगला तो मुख्यतः काउबॉय हॅटचा. तिला जाड, लाख पाजून टणक केलेले फेल्ट लागते. गिरण्या त्या मागणीला जुळल्या. पातळ फेल्टला लव उत्तम लागते, आटवायला वेळ लागतो, आणि पॉलिशपेपरखाली त्यातली एकूणएक चूक उघडी पडते. जाड फेल्ट चुका पोटात घालते. गिऱ्हाईक पातळ फेल्ट मागतच नाही, असे विक्रेते म्हणतात. ज्याने ते कधी हातात धरलेले नाही तो मागेल कसे? आणि ज्या कारागिराने ते धरले आहे, तो गिरणीवर दबाव न आणता किनार जाळत का बसतो?

कारण जाळणे स्वस्त आहे. गिरणीशी भांडायला भांडवल लागते, चार-दहा कार्यशाळांना एकत्र यावे लागते, नासलेल्या फेल्टचे नुकसान सोसावे लागते. मी म्हणतो, ते सोसा. तुमच्यातला प्रत्येक जण हॅटमागे जे पैसे घेतो त्यात पीस, काडी आणि राखेचाच भाव धरलेला आहे. त्या पैशांत कुणी तरी लवेचा एक चांगला घाणा पाडावा, दुप्पट वेळ आटवावा, आणि पट्टीवर छापावे: ससा किती, बीव्हर किती, गिरणी कोणती. त्याऐवजी आपल्यासमोर काय येते? फेल्टचा दर्जा सांगायला पट्टीवर छापलेली एक्सची बाराखडी. पाच एक्स, वीस एक्स, शंभर एक्स. या एक्सांना सगळ्या कंपन्यांना बांधणारे कुठलेही मोजमाप नाही. एकाचे दहा दुसऱ्याच्या तिसाला भारी असू शकतात. पायंडा जुन्या कंपन्यांनीच पाडला, पण त्यांच्या आकड्याखाली निदान फेल्ट तरी होते.

परदेशात असलेल्या, किंवा परदेशातून मागवणाऱ्या वाचकांना एवढेच सांगतो. पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: फेल्ट कुठल्या गिरणीचे, आणि त्यात बीव्हर किती टक्के. जो सांगत नाही त्याच्याकडून हॅट घेऊ नका, आणि जळकी असेल तर विचारायच्याही भानगडीत पडू नका.