लाव्हाच्या दगडातलं चर्च

परभणीच्या माणसाला समुद्र परका. पण वसईच्या किल्ल्यातला दगड परका वाटत नाही. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळं पाहून ज्याची नजर तयार झाली आहे, त्याने बंदर दरवाजाने आत शिरावं आणि जेझुइटांच्या चर्चपुढे उभं राहावं. घडण सगळी युरोपातली, पण दगड दख्खनच्या लाव्हातूनच थिजलेला.

दाराची कमान अर्धवर्तुळाकार. दोन्ही बाजूंना उभ्या पन्हाळी कोरलेले खांब, माथ्यावर पानांची नक्षी आणि वर येशूच्या नावाची आद्याक्षरं. आपल्याकडच्या यादवकालीन खांबाची मजा वेगळी असते: चौकोन, मग अष्टकोन, मग वर्तुळ, तो टप्प्याटप्प्याने वर जातो. इथे मात्र पन्हाळीची रेघ पायापासून माथ्यापर्यंत सलग चढते. अशा कठीण दगडात छिन्नी एकदा घसरली की चूक झाकता येत नाही. नकाशा पाद्र्यांनी दिला असेल. हात मात्र याच दगडावर वाढलेल्या पाथरवटांचे असणार, असं मला ठामपणे वाटतं. वसईच्या दगडाची ख्याती तर गोव्यापर्यंत होती. तिकडचा जांभा सच्छिद्र, त्यात बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूसच्या दर्शनी भागासाठी बेसॉल्ट वसईहून गेला.

थोडं पुढे संत जोसेफचं मुख्य चर्च. दारावरचा लेख सांगतो, की आर्चबिशप आलेशू द मेनेझिश यांच्या काळात, 1601 साली, ते पुन्हा बांधलं. मनोऱ्यातला जिना दगडाच्या पोटातून गोल फिरत वर जातो. छप्पर कधीच गेलं. तरी भिंतींची उंची अजून माणसाला मान वर करायला लावते. पडझडीने या वास्तूचं सौंदर्य वाढलं, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते सौंदर्य प्रमाणाचं आहे, वडाच्या मुळांचं नव्हे.

याच वसईत सोळाव्या शतकात पोर्तुगीज बाप आणि कोकणी आई यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि 1862 मध्ये रोमने संतपद दिलं. इथल्या बंदरातून जहाजं कुठवर जात, याचा अंदाज त्याच्या मरणावरूनही येतो.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेली वसई पोर्तुगीजांनी दोन शतकं राखली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज फोडले आणि किल्ला घेतला. मराठ्यांनी चर्चच्या घंटा काढून देवळांना दिल्या. एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे, दुसरी भीमाशंकरला शनिमंदिरासमोर. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूंनी रांगेतून थोडं बाजूला होऊन ती घंटा जवळून पाहावी. वसईच्या चर्चचा आवाज तेवढाच शाबूत आहे.